बोर्डाप्रमाणे तुतवार

मुलांनो, डोळे मिटू नका, उघडेच ठेवा, आणि कल्पना करा. जानेवारीची सकाळ आहे. तुम्ही एका तलावाच्या पाळीवर बसला आहात. थंडीने नाकाचा शेंडा गार पडलाय, बोटं स्वेटरच्या बाह्यांत ओढून घेतली आहेत. समोरचं पाणी आटून मागे सरकलंय आणि काठाला पन्नासेक पावलांचा चिखल उघडा पडलाय. त्या चिखलात तीन पक्षी चालताहेत. तिन्ही साधारण मैनेएवढे. तिन्ही पाठीवर मातकट, पोटावर पांढरे. चोच लांब, पाय लांब, आणि चालता चालता तिघंही बूड असं वरखाली हलवतात, की जणू कुणीतरी त्यांना मागून सारखी चिमटी घेतंय. आता कुणी तुम्हाला विचारलं, यांतला कोण कोण ते सांगा, तर काय सांगाल?

"तीन पक्षी आहेत," असं सांगाल. चूक काही नाही त्यात. पण भोरदरी तांड्यावरच्या अपेक्षा राठोडचं एवढ्यावर भागणार नव्हतं. कारण तिला दुर्बीण हवी होती.

अपेक्षा सातवीत. राळेगाव तालुक्यातला हा तांडा तलावाच्या अलीकडे, आणि मोठं गाव पलीकडे. दिवाळीच्या सुट्टीत यवतमाळच्या कॉलेजातली वर्षाताई पक्षी मोजायला आली आणि चार दिवस अपेक्षाच्या घरीच राहिली. तिच्या गळ्यात दुर्बीण होती. पहिल्याच सकाळी तिने ती अपेक्षाच्या डोळ्यांना लावली आणि अपेक्षा "अगं याडी!", म्हणजे "अगं आई!", म्हणून मागे सरकली. इतके दिवस तिला काठावर चिखलाचे गोळे हलताना दिसत. दुर्बिणीत त्या गोळ्याला भुवई फुटली होती.

"हिला तुतवार म्हणतात," वर्षाताई म्हणाली. "पण तुतवारी आपल्याकडे तीन. साधी तुतवार ओळखायला सोपी. तिच्या पोटाचा पांढरा रंग पंखाच्या पुढून खांद्यावर चढतो. उडाली की पाण्याला चिकटून जाते, पंख थरथरवत. घोटाळा आहे तो उरलेल्या दोघींचा. एक हिरवी तुतवार, दुसरी ठिपकेवाली तुतवार."

"हिरवी कुठं हिरवी दिसून राह्यली ताई? मले त काळपट दिसते."

"हिरवी नसतेच ती फारशी. नाव पडलंय, काय करणार! तू भुवई पाहा. ठिपकेवालीची पांढरी भुवई डोळ्याच्या मागेपर्यंत लांब जाते. हिरवीची डोळ्यापाशीच थांबते. ठिपकेवालीच्या पाठीवर ठिपके ठळक, पाय पिवळट. हिरवीची पाठ गडद."

चार दिवस हाच अभ्यास चालला. शेवटच्या दिवशी अपेक्षाची आजी, जमनीदादी, म्हशी घेऊन तलावावर आली. दोघी पोटावर पडून भुवया मोजताहेत हे पाहून तिने काठी टेकली.

"तोंड कायले पाहता गं पाखराचं?"

"मग काय पाहायचं, दादी?" वर्षाताईने विचारलं.

"बूड! आमचे बाप-आजे लदेणीवर जात. मीठ, धान लादलेले शंभर बैल पुढं, अन्‌ माणूस मांगं. धुराळ्यात बैलाचं तोंड पाहाले पुढं कोण पळते? ज्याचा त्याचा बैल मांगूनच वळखाव लागे. हे पाखरू बी म्हशी आल्या का उडते. जाता जाता सांगून जाते, मी कोण म्हणून."

तेवढ्यात म्हशी चिखलात शिरल्या आणि एक तुतवार ओरडत उडाली. बूड चुन्यासारखं पांढरंफेक, आणि पंखांच्या खालची बाजू तव्याच्या बुडासारखी काळी.

"हिरवी!" वर्षाताई ओरडली. "ठिपकेवालीचे पंख खालून फिके असतात. बरोबर आहे दादी, उडताना शंकाच राहत नाही."

तिने ते वहीत लिहून घेतलं आणि खाली दादीचं नाव घातलं. दादीला त्याचं काही वाटलं नाही. तिला त्या वेळी एक म्हैस दिसत नव्हती.

वर्षाताई गेली, तिच्याबरोबर दुर्बीण गेली, आणि सगळे पक्षी पुन्हा गोळे झाले. अपेक्षा रोज शाळेआधी पाळीवर येऊन बसायची. डोळे बारीक करायची, मुठींच्या नळ्या करून त्यांतून पाहायची. भुवई काही दिसायची नाही.

आणि अशात पलीकडच्या गावातल्या किसनरावांनी पक्षी महोत्सव काढला.

किसनराव म्हणजे कपाशी-सोयाबीनची मोठी शेती असलेला, चांगल्या मनाचा आणि मोठ्या आवाजाचा माणूस. त्यांनी सतरा जणांची समिती केली. त्यांतल्या पाच जणांना कावळा आणि कोकीळ यांतला फरक सांगता येत होता, आणि पाचांपैकी दोघांचा तो बरोबर होता. समितीने पहिल्याच बैठकीत ठरवलं, की तलावावर बोर्ड लागला पाहिजे. पक्ष्यांना तलाव सापडत होता, पण बोर्डाशिवाय पाहुण्यांना कसा सापडणार?

बोर्डासाठी पक्ष्यांचे फोटो वर्षाताईने पाठवले. नावं दुसऱ्या दिवशी वेगळ्या मेसेजमध्ये पाठवली. दोन्ही गोष्टी राळेगावच्या बसस्टँडसमोरच्या संजयकडे गेल्या. संजयचं फ्लेक्सचं दुकान. वाढदिवसाच्या बोर्डांत कोणता भाऊ कोणत्या भाऊच्या शेजारी लावायचा, यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पण पक्षी त्याच्याकडे पहिल्यांदाच आले होते. त्याने डोकं लावलं. एका फोटोत पक्षी हिरव्यागार गवतात उभा होता. त्याच्याखाली त्याने लिहिलं, 'हिरवी तुतवार'. दुसऱ्या फोटोत पक्षी पाण्यातून उडत होता आणि त्याच्याभोवती पाण्याचे थेंब उडाले होते. थेंब म्हणजे ठिपके. खाली लिहिलं, 'ठिपकेवाली तुतवार'. तिसरा फोटो उरला, तिसरं नाव उरलं, त्यामुळे साधी तुतवार तेवढी बरोबर आली.

बोर्ड बारा फूट लांब झाला. वरच्या भागात समितीचे पाच पदाधिकारी हात जोडून उभे, प्रत्येक जण गोधडीएवढा. खाली बावीस पक्षी, प्रत्येक जण काड्यापेटीएवढा. पाहुण्यांच्या हस्ते नारळ फुटला, फीत कापली गेली, आणि किसनरावांनी जाहीर केलं, की महिन्याभराने आसपासच्या चार शाळांची पक्षी ओळखण्याची स्पर्धा होईल. पहिलं बक्षीस, दुर्बीण!

अपेक्षाने त्याच संध्याकाळी बोर्ड वाचला. दोनदा वाचला. मग पळत शाळेतल्या नागोराव सरांच्या घरी गेली.

"सर, बोर्डावर उलटं झालं! गवतातली ठिपकेवाली हाय, तिले हिरवी लिहिलं. अन्‌ उडते ते हिरवी हाय, पंख खालून काळे हायेत पाहा, तिले ठिपकेवाली लिहिलं!"

नागोराव सर स्पर्धेचे परीक्षक होते. त्यांनी वर्षाताईला फोन लावला, दोन्ही फोटोंबद्दल विचारलं, आणि फोन ठेवून बराच वेळ चष्मा पुसला.

"तू म्हणते ते खरं हाय," ते म्हणाले. "पण अपेक्षा, उद्घाटन झालं ना त्याचं."

तरी सर भले. त्यांनी विषय समितीपुढे ठेवला. अर्धा तास चर्चा झाली. एक सदस्य म्हणाले, नावाच्या दोन पट्ट्या छापून वर चिकटवून टाकू. किसनरावांनी हात वर केला.

"पट्टी चिकटवली म्हणजे चूक झाली होती म्हणाव लागते. चूक झाली होती म्हणाव, त पाहुण्यानं चुकीच्या बोर्डावर नारळ फोडला म्हणाव लागते. पाहुणा आपल्या घरी आल्ता, अन्‌ आपण त्याले चुकीचा ठरवाव? हे आपल्याकडं जमते काय?"

जमत नव्हतं. शेवटी एकमताने ठराव झाला आणि नोंदवहीत लिहिला गेला: 'स्पर्धेपुरते पक्षी बोर्डाप्रमाणे धरावेत.'

पक्ष्यांना ठरावाची प्रत देण्याचं कुणाला सुचलं नाही.

सरांनी अपेक्षाला हे सांगितलं तेव्हा तिने मान खाली घातली. "म्हणजे मी खरं लिहिलं त चूक?"

"स्पर्धेपुरतं."

"अन्‌ दुर्बीण?"

सरांनी पुन्हा चष्मा पुसायला घेतला. त्या रात्री जेवताना अपेक्षाने मनाशी ठरवून टाकलं. एक दिवस उलटं बोलायचं. दुर्बीण मिळाली की मग जन्मभर खरंच पाहायचं आहे, एक दिवसाने काय होतंय! जमनीदादी तिला भाकर वाढत होती. "काहून एवढी गुपचूप बसली?" तिने विचारलं. अपेक्षा म्हणाली, "काही नाही, अभ्यास आठवून राह्यली."

स्पर्धेच्या रविवारी तलावाच्या पाळीवर मंडप पडला. दोन मोठे भोंगे लागले आणि पक्ष्यांच्या स्वागतासाठी त्यांवर गाणी सुरू झाली. पहिल्या गाण्याला बदकं गेली, दुसऱ्याला बगळे गेले. पाहुणे आले तेव्हा तलावावर मुख्यतः समिती होती. पाहुण्यांनी पाऊण तास भाषण केलं. पक्षी आकाशात उडतात आणि झाडावर बसतात, हे त्यांनी उदाहरणं देऊन पटवलं. टेबलावर पिवळ्या कागदात गुंडाळलेली दुर्बीण होती. वर लाल फीत, आणि फितीला फूल. अपेक्षाला भाषण ऐकू आलं नाही. ती फुलाकडे पाहत होती.

भोंगे बंद झाल्यावर काही पक्षी परत आले आणि स्पर्धा सुरू झाली. पाणकावळा, शेकाट्या, टिटवी, धोबी. मुलं बोर्डाकडे एकदा आणि पक्ष्याकडे एकदा पाहून उत्तरं देत होती, तीही बहुतेक बोर्डाकडेच. होता होता दोघीच उरल्या. एक अपेक्षा, आणि दुसरी गावातली खुशी. खुशी किसनरावांची सख्खी नात. पण त्यात वशिला नव्हता बरं का. पोरीने बावीसच्या बावीस पक्षी रात्री जागून पाठ केले होते. बिचारीने तलाव मात्र आज पहिल्यांदा नीट पाहिला होता.

शेवटचा प्रश्न. नागोराव सरांनी चिखलाकडे बोट केलं. तिथे एकटी तुतवार चालत होती. "दोघींनाही हाच पक्षी. आधी खुशी."

खुशीने डोळे बारीक केले. बोर्डाकडे पाहिलं, चिखलाकडे पाहिलं. बोर्डावरची तुतवार काड्यापेटीएवढी होती, आणि चिखलातली त्याहून लहान दिसत होती.

"हिरवी तुतवार," ती म्हणाली. अंदाजच होता तो.

"आता अपेक्षा."

अपेक्षा एक पाऊल पुढे आली. उलटं बोलायची तिने पूर्ण तयारी केली होती. पण उलटं सांगायचं तर आधी सुलटं कळायला हवं ना! भुवई दिसेना, पायांना चिखल लागलेला, ऊन समोरून येत होतं. खुशीसारखा अंदाज तिला करवेना.

"सर," ती म्हणाली, "ते दुर्बीण एक डाव डोळ्याले लावू देता? पाहून लगेच वापस ठेवते."

मंडपात हशा पिकला. किसनराव उठले. "बाई माहे, बक्षीस हाय ते. जिंकल्याबिगर कागद कसा फाडाव? अन्‌ पाहुण्याच्या हातानं द्याचं हाय!"

"मग जरा थांबा. म्हशी येऊ द्या."

"म्हशी?" पाहुण्यांनी विचारलं. "पक्ष्यांच्या कार्यक्रमात म्हशी कशाला?"

पण जमनीदादीने कार्यक्रमपत्रिका वाचलेली नव्हती. तिच्या म्हशींची वेळ झाली होती. त्या मंडपाच्या बाजूने, पाहुण्यांच्या गाडीला अंग घाशीत, रांगेने चिखलात उतरल्या. तुतवार ओरडली आणि उठली. थेट सगळ्यांच्या समोरून, वर वर गेली. बूड चुन्यासारखं पांढरं, पंख खालून काळेकुट्ट.

हिरवी. शंभर टक्के हिरवी.

म्हणजे खुशीचं उत्तर बरोबर होतं. आणि म्हणजे ते चूक होतं, कारण काळ्या पंखांची उडती तुतवार बोर्डावर 'ठिपकेवाली' होती. आता सगळ्यांनीच माना वळवून बोर्ड पाहिला. अपेक्षाने टेबलाकडे पाहिलं. फुलाची एक पाकळी वाऱ्याने हलत होती.

"बोल बेटा," पाहुणे म्हणाले आणि माईक तिच्यापुढे धरला.

"बोर्डाप्रमाणे ठिपकेवाली," अपेक्षा म्हणाली. पुढचं वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं. 'पण खरं म्हणजे हिरवी.' तिने तोंड उघडलंही. तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या, माईक किसनरावांच्या हातात गेला होता, आणि अपेक्षाने उघडलेलं तोंड मिटून घेतलं. ओरडून सांगता आलं असतं. तिने नाही सांगितलं.

"ऐकलं काय?" किसनराव गरजले. "बोर्डाप्रमाणे! असं उत्तर पाहिजे! माही नात चुकली, मी सगळ्यांसमोर सांगतो, चुकली! आमच्याकडं वशिला नाही!" त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. स्वतःच्या नातीला डावलून बोर्डाला न्याय दिल्याबद्दल पाहुण्यांनी त्यांना मिठी मारली. एका सदस्याने प्रस्ताव मांडला, की पुढच्या वर्षी बोर्ड आणखी मोठा करावा. तो जागच्या जागी मंजूर झाला.

दुर्बीण अपेक्षाच्या हातात आली, चार बाजूंनी फोटो निघाले, आणि सगळे तर्री-पोह्यांकडे वळले. कढईपाशी इतकी गर्दी झाली, की बक्षीस कुणाला मिळालं हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

खुशी बोर्डाखाली पायरीवर बसली होती. गुडघ्यांत तोंड घालून.

अपेक्षाने फीत सोडली, पिवळा कागद काढला, पट्टा गळ्यात घातला. हवी ती गोष्ट अशी छातीवर येऊन टेकली, की कसं वाटतं तुम्हाला माहीतच आहे. ती पाळीच्या टोकापर्यंत गेली. पाहायला सुरुवात करणार, एवढ्यात तिने मागे वळून पाहिलं. मग पुन्हा समोर पाहिलं. मग पाय आपटत परत आली आणि खुशीपुढे उभी राहिली.

"काहून रडून राह्यली बे?"

"तुले काय करा लागते? तू जिंकली ना!"

"तू बरोबर सांगितलं होतं. हिरवीच होती ते."

खुशीने तोंड वर केलं. "मग बोर्डावर?"

"बोर्ड उलटा हाय. सरले माहीत हाय, तुह्या आजोबाले माहीत हाय, मले बी माहीत होतं."

खुशीने नाक ओढलं. मग तिने हात पुढे केला.

"मग दे."

"काय?"

"दुर्बीण. मी बरोबर होती त माही हाय ना ते."

अपेक्षाने पट्टा घट्ट धरला. "तू त अंदाजानं सांगितलं!"

"अन्‌ तू माहीत असून उलटं सांगितलं."

अपेक्षाने पट्टा सोडला नाही. तलावाकडे पाहिलं, म्हशींकडे पाहिलं. म्हशींच्या मागे, चिखलाच्या पार टोकाला, ती तुतवार परत येऊन उतरली होती आणि बूड हलवत होती, आपल्यावर केवढा ठराव झालाय याची गंधवार्ता नसल्यासारखी.

"एक डाव पाहू दे," अपेक्षा म्हणाली.

तिने दुर्बीण डोळ्यांना लावली, चाक फिरवलं. धुकट गोळ्याला चोच आली, पाय आले, डोळा आला. भुवई डोळ्यापाशी येऊन थांबली होती. तिने मनात वीसपर्यंत मोजलं. मग आणखी वीस.

मग तिने पट्टा गळ्यातून काढला, दोन्ही काचा ओढणीच्या टोकाने हळू पुसल्या आणि दुर्बीण खुशीच्या गळ्यात घातली. खुशीने ती लगेच डोळ्यांना लावली आणि बारा फुटी बोर्डाकडे मान वळवली. अपेक्षाने तिचे दोन्ही खांदे धरले आणि तिला तशीच, दुर्बिणीसकट, चिखलाकडे फिरवली.